विश्लेषण : गायक गेला तरी बाज टिकला, गिटारवादक जाताच बदलला… ‘जेनेसिस’मध्ये नेमके काय घडले?

बँडमधून मुख्य गायक बाहेर पडला की ‘आता संपले सगळे’ असे चाहते म्हणतात. ब्रिटनमधील ‘जेनेसिस’ या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडबाबत १९७५ मध्ये हेच म्हटले गेले. मात्र पीटर गॅब्रिएल गेल्यानंतरचे दोन अल्बम जुन्याच वळणाचे निघाले. ठळक बदल ऐकू आला तो १९७७ मध्ये स्टीव्ह हॅकेट हा अबोल गिटारवादक गेल्यावर. असे का झाले?

मूळ बाज कोणता होता?

लांबलचक गाणी, मध्येच बदलणारा ताल, कथा सांगणारे शब्द आणि कीबोर्ड-गिटारचे एकमेकांत मिसळलेले थर ही जेनेसिसची ओळख. ‘फॉक्सट्रॉट’ (१९७२) या अल्बममधील ‘सपर्स रेडी’ हे एकच गाणे सुमारे २३ मिनिटांचे आहे. गॅब्रिएल मुखवटे आणि चित्रविचित्र वेश घालून गात असे, तर हॅकेट सुरुवातीची काही वर्षे मंचावर चक्क खुर्चीत बसून वाजवत असे. साहजिकच बँडचा चेहरा कोण, याबद्दल प्रेक्षकांना शंका नव्हती.

गॅब्रिएल गेल्यावर फरक का जाणवला नाही?

कारण चाली आणि सुरावटींचा मोठा भार कीबोर्डवादक टोनी बँक्स आणि बासवादक माइक रदरफोर्ड यांच्यावर होता. नव्या गायकासाठी अनेकांच्या चाचण्या झाल्या. अखेर ड्रमवादक फिल कोलिन्सच पुढे आला. १९७१ पासून तो अल्बममध्ये अधूनमधून गातच होता आणि त्याच्या आवाजाची जात गॅब्रिएलच्या जवळची होती. ‘अ ट्रिक ऑफ द टेल’ (१९७६) ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला. गॅब्रिएलसोबतचा शेवटचा अल्बम दहाव्या क्रमांकावर थांबला होता.

हॅकेटबरोबर काय गेले?

हॅकेट चमकण्यासाठी वाजवत नसे. लांब खेचलेले स्वर, कीबोर्डमागे सावलीसारखी फिरणारी गिटार आणि नायलॉन तारांच्या गिटारचे नाजूक तुकडे हे त्याचे काम. ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ (१९७३) हे याचे उत्तम उदाहरण. त्यातील गाजलेली धून मुख्यतः बँक्सची; ती आधी गॅब्रिएलच्या बासरीवर येते. पण श्रोत्यांच्या मनात ती राहिली हॅकेटच्या गिटारमुळे. धून एकाची, रंग दुसऱ्याचा.

मात्र बँडच्या आतला हिशेब गाण्यांचा होता. आपल्या रचनांना पुरेशी जागा मिळत नाही, ही हॅकेटची तक्रार होती. बँडने नाकारलेली ‘प्लीज डोन्ट टच’ ही त्याची रचना पुढे १९७८ च्या त्याच्या स्वतंत्र अल्बमचे शीर्षक बनली. तो गेल्यावर नवा गिटारवादक बँडमध्ये घेतला गेला नाही. स्टुडिओत रदरफोर्डनेच बासबरोबर गिटारही सांभाळली. परिणामी दोन वाद्यांचे एकमेकांत विणले जाणे कमी झाले, कीबोर्ड पुढे आला आणि गाणी आटोपशीर झाली. ‘अ ट्रिक ऑफ द टेल’मध्ये ८ गाणी होती, तिघांच्या १९७८ च्या पहिल्या अल्बममध्ये ११. त्यातीलच ‘फॉलो यू फॉलो मी’ हे साधे प्रेमगीत बँडचे ब्रिटनमधील पहिल्या दहांत पोहोचलेले पहिले गाणे ठरले.

मग सारे श्रेय किंवा खापर एकाच एक्झिटवर फोडायचे का?

नाही. पंकच्या लाटेने लांब गाण्यांची फॅशन मागे टाकली होती आणि कोलिन्स गीतकार म्हणून फुलत होता. गंमत म्हणजे बँड सोडलेल्या गॅब्रिएलचाही यात वाटा आहे. त्याच्या १९८० च्या अल्बमसाठी कोलिन्स ड्रम वाजवत असताना ध्वनिअभियंता ह्यू पॅजम यांच्यासोबत एक धडधडणारा, अचानक तुटणारा आवाज सापडला. तो कोलिन्सच्या ‘इन द एअर टुनाइट’मुळे (१९८१) जगभर गाजला. त्याच वर्षी जेनेसिसच्या ‘अबाकॅब’वर पॅजम यांनीही काम केले.

कोलिन्स गेल्यावर काय झाले?

१९९६ मध्ये कोलिन्सने बँड सोडला. रे विल्सन हा नवा गायक आला. बँक्स आणि रदरफोर्ड तेच होते. पण ‘कॉलिंग ऑल स्टेशन्स’ (१९९७) जड आणि गंभीर वाटला, अमेरिकेतील दौरा रद्द झाला. या वेळी केवळ आवाज गेला नव्हता. ड्रमची चाल आणि गाण्यांना हलकेपणा देणारा माणूसही गेला होता.

यातून काय दिसते?

गायकाची रिकामी जागा सर्वांना दिसते, म्हणून ती भरण्याची धडपडही होते. दुसऱ्याच्या धूनला रंग देणाऱ्याची जागा मात्र श्रेयनामावलीत नसते, त्यामुळे ती न भरताही चालेल असे सोबत्यांना वाटते. जेनेसिसला त्या निर्णयातून अफाट लोकप्रियता मिळाली, हे मान्य करावेच लागेल. पण १९७७ पूर्वीचा तो विणलेला आवाज बँडला पुन्हा गवसला नाही. सहकाऱ्याचे मोल त्याच्या नावावरील गाण्यांच्या संख्येने मोजले की काय हातचे जाते, ते ऐकायचे असेल तर १९७६ आणि १९७८ चे अल्बम पाठोपाठ लावावेत.