साखरेचे विद्वान वकील

हृदयविकाराचा दोष साखरेवरून काढून चरबीच्या माथी मारणारा समीक्षालेख १९६७ साली अमेरिकेतील एका मातब्बर वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखक हार्वर्डचे, त्यांना ६,५०० डॉलर मोजले होते साखर उद्योगाच्याच संस्थेने. लेखात त्या पैशाचा उल्लेख नव्हता. हा व्यवहार जगासमोर यायला २०१६ साल उजाडावे लागले!

वर्षानुवर्षे अतिरिक्त साखर पोटात गेली की यकृतात चरबी साठते, शरीरात मंद दाह धुमसत राहतो, मधुमेह जडतो. आणि चहात साखर-मैद्याचा पाच रुपयांचा बिस्किटपुडा बुडवून दुपार ढकलणाऱ्या मजुरालाच वर उपदेश : जिभेला आवर घाला! त्याला भाकरी परवडत का नाही, हे कोणी विचारत नाही. महाराष्ट्रात तर साखर कारखाना हाच राजकारणाचा पाया. येथे साखरेविरुद्ध बोलण्यास आपले समाजवादी मित्रही कचरतात.