घरावर आलेली नोटीस आणि घरातील ज्येष्ठ

रक्तदाब एकाएकी वाढला, झोप उडाली, अन्नावरची वासना गेली, की आपण प्रथम औषधांची चिठ्ठी तपासतो. परंतु कित्येकदा या साऱ्याचे मूळ कपाटात, कपड्यांच्या घडीखाली दडवलेल्या एखाद्या लिफाफ्यात असते. हप्ते थकल्यामुळे घर ताब्यात घेण्याचा इशारा देणारी बँकेची नोटीस मुले आईवडिलांपासून लपवतात, तर कधी आईवडीलच ती मुलांपासून लपवतात. या लपवाछपवीत जे दिवस जातात, तेच घर वाचवण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात.

आपल्या परिसरात हा प्रश्न अनेक रूपांनी भेटतो. अंबरनाथच्या आयुध निर्माणीतून वा औद्योगिक वसाहतीतून निवृत्त होऊन आयुष्याची पुंजी सदनिकेत घातलेले गृहस्थ असतात. मुंबईत घर परवडले नाही म्हणून बदलापुरात कर्ज काढून पहाटेची लोकल गाठणारे त्यांचे चिरंजीव असतात. फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावण्यांत शून्यातून उभी राहिलेली, घर तारण ठेवून व्यापार करणारी कुटुंबेही असतात. कर्ज मुलाचे असले, तरी वडील सहकर्जदार वा जामीनदार असतील तर त्यांचीही जबाबदारी राहते.

कायद्याचा क्रम नीट समजून घ्या. निम्मी भीती त्यानेच ओसरते. हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला, की बँक ते खाते अनुत्पादक ठरवते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) अन्वये ६० दिवसांची नोटीस येते. या मुदतीत आपण लेखी आक्षेप नोंदवू शकता. त्यावर बँकेने १५ दिवसांत सकारण उत्तर देणे बंधनकारक आहे. रक्कम न भरल्यास बँक ताबा घेण्याची कारवाई करते आणि प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. अशा कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. या बाबतीत दिवाणी न्यायालयात जाऊन सहसा उपयोग होत नाही.

एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवा. सर्व थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. ‘लिलावाच्या आदल्या दिवशी पाहू’ ही जुनी समजूत आता घातक ठरते.

मग मार्ग कोणते? पहिला, शाखेत जाऊन लेखी विनंती करणे. उत्पन्न खरोखर घटले असेल, तर कागदपत्रांसह कर्जाची पुनर्रचना वा मुदतवाढ मागावी. दुसरा, एकरकमी तडजोड. ती मान्य करणे बँकेच्या इच्छेवर आहे. म्हणून मंजुरीपत्र हाती आल्यावाचून तोंडी आश्वासनावर विसंबू नका. तिसरा मार्ग मनाला जड जातो, पण अनेकदा तोच शहाणपणाचा असतो: घर स्वतः विकणे. स्वतः शोधलेल्या ग्राहकाकडून लिलावापेक्षा चांगली किंमत येण्याचा संभव असतो. मात्र नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी पूर्वसंमतीविना विक्री करता येत नाही. उल्हासनगरच्या मालमत्तेबाबत सनद आणि बांधकाम नियमित असल्याचे कागद आधीच जुळवून ठेवा. लिलाव झालाच, तर कर्ज व खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर आपला हक्क असतो. तिचा हिशेब अवश्य मागा.

कर्ज सहकारी बँकेचे असले, तरी सरफेसी कायदा लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मुरगूड सहकारी बँकेच्या प्रकरणात तसे स्पष्ट केले आहे. पतसंस्थेची वसुली सहसा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली होते. तिथली प्रक्रिया आणि दाद मागण्याची जागा वेगळी आहे. म्हणून नोटिशीवरील कलम प्रथम वाचा.

‘लिलाव थांबवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नका. कोऱ्या मुद्रांकावर वा कुलमुखत्यारपत्रावर सही करू नका. बँकेच्या वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर कर्जवसुलीसाठी दूरध्वनी करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. विधिसेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत विधिसाहाय्य मिळते. घर पत्नीच्या वा आईच्या नावे असेल, तर हे विशेष ध्यानात ठेवा.

आता शुश्रूषा करणाऱ्यांसाठी. पैसा अपुरा पडू लागला की ज्येष्ठ मंडळी कोणास न सांगता रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी एक दिवसाआड घेऊ लागतात. गोळ्यांची पट्टी दर आठवड्यास मोजा. वय ७० पूर्ण असल्यास उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेचे कार्ड काढून घ्या; रुग्णालयात दाखल होण्याचा भार हलका होतो. ‘माझे ओझे झाले’, ‘मी नसतो तर बरे’ असे उद्गार कानी पडले, तर ते वयाचे बोलणे समजून सोडू नका. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही स्वतंत्र सेवा आहे.

या आठवड्यात एवढेच करा. लिफाफा सर्वांसमक्ष उघडा, नोटीस हाती पडल्याची तारीख दिनदर्शिकेवर मांडा, पुढचे ६० दिवस मोजा आणि शाखेत जाताना घरातील ज्येष्ठांना बरोबर न्या. ज्या घराचा निर्णय होणार आहे, त्यात त्यांचा शब्द असला पाहिजे.