पंचवीस तासांचा दिवस

मागच्या महिन्यात साताऱ्याहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. पत्र चिमुकलं, पण प्रश्न भला ठसठशीत! ती लिहिते, "टीव्हीवर एक मोठ्ठी क्रूझ बोट दाखवली. ती म्हणे पाच-पाच दिवस नुसती पाण्यातून जाते. ना गाव, ना दुकान, ना झाड. मग एवढे पैसे भरून लोक त्यात बसतात कशाला? कंटाळा नाही का येत?"

पत्र वाचलं आणि मला आमचा दादा आठवला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, वेंगुर्ल्याजवळचा. अशाच एका बोटीवर तो नऊ वर्षं कामाला होता. पाहुण्यांच्या केबिनी झाडायच्या, बिछाने घालायचे, टॉवेल बदलायचे, हे त्याचं काम. आमच्या कोकणात नि गोव्यात हे काही नवलाचं नाही बरं का. गोव्यात तर बोटीवर नोकरी करणाऱ्याला 'तारवटी' असा खास शब्दच आहे. तेव्हा आजचं उत्तर थोडं माझं, बरंचसं दादाचं.

लोक अशा सफरीला का जातात, ते आधी सांगते. विमानं नव्हती तेव्हा युरोप-अमेरिकेची ये-जा मोठमोठ्या बोटींतून चाले. पण हिवाळ्यात अटलांटिक महासागर खवळलेला, थंडी कडाक्याची, प्रवासी कमी. मग रिकाम्या बोटींचं करायचं काय? कंपन्यांनी त्या उबदार समुद्रांकडे वळवल्या. १९२२ च्या नोव्हेंबरात 'लॅकोनिया' नावाची बोट न्यूयॉर्कहून निघाली ती थेट पृथ्वीप्रदक्षिणेलाच! तेव्हापासून ही रीतच पडली. आजही दर जानेवारीत थंडीने गारठलेल्या देशांतून अशा बोटी निघतात आणि तीन-चार महिन्यांनी परततात. प्रवाशांत नोकरीतून निवृत्त झालेले आजी-आजोबा पुष्कळ. त्यांना शाळा नाही, ऑफिस नाही. बंदर नसलेला दिवस म्हणजे त्यांची सुट्टीतली सुट्टी.

लॉस एंजेलिसहून हवाई बेटांवरचं होनोलुलू सुमारे २,२०० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. हिशेब करा पाहू! साधारण ४,१०० किलोमीटर होतात, म्हणजे रेल्वेने मुंबई ते दिल्ली तीन वेळा. आणि बोटीचा वेग? ताशी वीस सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर. गावातली स्कूटर याहून जोरात जाते! पण स्कूटर रात्री अंगणात उभी असते. बोट रात्रंदिवस चालते, म्हणून पाच दिवसांत पोचते.

या पाच दिवसांत डेकवर उभं राहिलं की चहूकडे निळी थाळी. तीस मीटर उंचीवरच्या डेकवरून क्षितिज जवळजवळ वीस किलोमीटरवर दिसतं. बोट अर्ध्या-पाऊण तासात त्या काठाच्या जागी पोचते, आणि तिथून पुन्हा तेवढीच थाळी! आजोबा आरामखुर्चीत पुस्तक घेऊन बसतात. आज्या लोकर विणतात, पत्ते खेळतात. मधेच पाण्यातून चंदेरी उडणारे मासे सुर्रकन निघतात, आणि ते पकडायला बोटीबरोबर बूबी नावाचे पक्षी झेपावतात. की लागली सगळ्यांची रांग कठड्याला! दुपारी बारा वाजता कॅप्टन लाऊडस्पीकरवरून सांगतो, आपण कुठे आहोत, वारा किती, आणि आपल्या पायाखाली पाणी किती खोल. "साडेचार किलोमीटर," असं ऐकलं की जेवणाच्या टेबलावर क्षणभर शांतता पसरते, असं दादा सांगायचा.

आता गंमत ऐका. या आरामाच्या दिवशी दादाला मात्र श्वास घ्यायला फुरसत नसे!

"बंदराचा दिवस बरा गं," तो म्हणायचा. "पाहुणे भटकायला जातात, केबिनी मोकळ्या मिळतात. समुद्रातल्या दिवशी सगळे घरातच. कुणी अकरापर्यंत झोपलेलं, कुणाला न्याहरी बिछान्यात हवी, कुणी दिवसातून तीनदा पोहून येणार नि तीनदा टॉवेल मागणार." त्याच्याकडे सतरा केबिनी. सकाळी एकदा आवरायच्या, संध्याकाळी पुन्हा. वर टॉवेलला घड्या घालून त्याचा हत्ती नाहीतर माकड करून बिछान्यावर ठेवायचं. तो हत्ती त्याने मला शिकवलाय. माझी सोंड अजून पडते.

त्या टॉवेलांना धुवायला गोडं पाणी कुठून आणायचं? सगळीकडे खारं! तर इंजिनाची उष्णता फुकट जाऊ न देता तिच्यावर समुद्राचं पाणी उकळतात. बंद टाकीतली हवा काढून दाब कमी केला, की पाणी १०० अंशांच्या पुष्कळ आधीच उकळतं. त्याची वाफ थंड केली की गोडं पाणी! काही बोटी बारीक चाळणीतून पाणी जोराने दाबूनही मीठ वेगळं करतात. त्यासाठी तळमजल्यावर माणसं पाळ्या लावून जागी असतात. वरच्या आजोबांना त्यांचा पत्ताही नसतो. बोटीवर काम करणाऱ्याला चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती द्यायलाच हवी, असा आंतरराष्ट्रीय नियम २०१३ पासून लागू आहे. म्हणजे उरले किती, ते तुम्हीच मोजा.

दादाचं शेवटचं काम म्हणजे प्रत्येक उशीवर उद्याच्या कार्यक्रमाचा कागद ठेवायचा. त्यावर कधीकधी एक जादा ओळ असे, 'आज रात्री घड्याळ एक तास मागे करा.' ती ओळ दिसली की दादाचा चेहरा खुलायचा. पाहुण्यांना एक तास जास्त आराम, आणि दादालाही एक तास जास्त झोप! तो दिवस पंचवीस तासांचा.

हा तास येतो कुठून? पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. तुम्ही पश्चिमेकडे १५ अंश सरकलात, की सूर्य एक तास उशिरा माथ्यावर येतो. म्हणून घड्याळ मागे. होनोलुलूपर्यंत असं दोनदा होतं. पण पश्चिमेकडे जातच राहून पृथ्वीला वळसा घातला, तर असे चोवीस तास गोळा होतात, म्हणजे अख्खा दिवस! मॅगेलनच्या मोहिमेतली 'व्हिक्टोरिया' ही बोट पहिली पृथ्वीप्रदक्षिणा संपवत आली, तेव्हा असंच झालं. १५२२ च्या जुलैत ती केप व्हर्दे बेटांवर थांबली. खलाशी म्हणाले, आज बुधवार. किनाऱ्यावरचे म्हणाले, छे, गुरुवार! हिशेब रोज लिहिलेला, चूक सापडेना. ती चूक नव्हतीच. पंचवीस तासांच्या दिवसांनी त्यांचा एक दिवस पोटात घातला होता.

आता हा हिशेब प्रशांत महासागरातल्या वाररेषेवर चुकता करतात. पश्चिमेकडे जाताना ती रेषा ओलांडली की एक तारीख गाळायची. सामोआ देशाने तर न हलताच ही रेषा ओलांडली! शेजारच्या न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाशी वार जुळावा म्हणून त्यांनी ३० डिसेंबर २०११ हा दिवस गाळला. लोक गुरुवारी झोपले, उठले ते शनिवारी.

दादाच्या वाट्याला ही रेषा २०१४ साली आली. बोट अमेरिकन सामोआतलं पागो पागो बंदर सोडून न्यूझीलंडकडे निघालेली. रविवार, ९ फेब्रुवारी. उशांवर ठेवायच्या कागदावर छापलेलं, 'उद्या मंगळवार, ११ फेब्रुवारी.' दादा कागद हातात धरून उभाच राहिला. १० फेब्रुवारी म्हणजे माझ्या पुतणीचा नववा वाढदिवस! आधीचे दोन वाढदिवसही तो बोटीवरच होता. आणि आता तर तारीखच नाही.

काम संपवून रात्री तो फोनच्या रांगेत लागला. वेंगुर्ल्यात तेव्हा सोमवार, दुपारचे साडेचार वाजत आलेले. पुतणी बाईंना विचारून शाळेतून लवकर आलेली, वाढदिवसाचा फ्रॉक तसाच अंगात.

"बाबा, तुमच्याकडे पण दहा तारीख ना?"

"नाही गं, अजून नऊच. बारा वाजायला दोन मिनिटं आहेत."

मग शाळेत वाटलेल्या पेढ्यांच्या गोष्टी झाल्या. फोन महाग, दादाचं लक्ष घड्याळाकडे.

"आता दहा झाली?"

"आता अकरा झाली."

"मग दहा गेली कुठे?"

दादा काय सांगणार? त्याने रात्री कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. वेंगुर्ल्यात दहा तारीख लागली तेव्हा बोटीवर नऊच्या सकाळचे साडेसात होते. तो न्याहरीचे ट्रे नेत होता. आणि वेंगुर्ल्यात दहा तारीख संपेल तेव्हा बोटीवर अकराच्या सकाळचे साडेसात होणार होते. म्हणजे वाढदिवसाचे चोवीसच्या चोवीस तास त्याच्याकडेही होते. साडेसोळा नऊच्या नावाने, साडेसात अकराच्या. त्यातले चार त्याने झोपेत घालवले, आणि बाकीच्यात दोनदा केबिनी आवरल्या नि सतरा हत्ती केले.

मे महिन्यात तो घरी आला तेव्हा पेटीत ते दोन कागद होते, नऊचा आणि अकराचा. पुतणीने ते वहीत चिकटवले. मधलं एक पान तिने कोरं सोडलं आणि त्यावर पेन्सिलीने टॉवेलचा हत्ती काढला. त्याची सोंड मात्र छान उभी आहे.