पिपेट विद्यार्थ्याच्या हाती द्या

बहिःस्थ परीक्षक म्हणून एम.एस्सी.च्या मुलांना मी विचारते, पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती बनवण्याच्या प्रक्रियेत, ९५, ५५, ७२ अंश कशासाठी? उत्तर घडाघडा येतं: डीएनएचे धागे सुटतात, प्रायमर चिकटतो, टॅक पॉलिमरेज नवा धागा बनवतं. मग एक मायक्रोलिटर उचलायला सांगितलं की हात थरथरतात, कारण वर्षभर पिपेट सरांच्याच हातात होतं. आणि पीसीआरनंतर तपासणीच्या जेलवर डीएनएचा पट्टाच उमटला नाही तर? नमुना बिघडला, मॅग्नेशियम कमी पडलं, की प्रायमरच चुकला? हा शोध वहीत उतरवून येत नाही, आणि माझ्या मते खरा विषय तोच आहे. रसायनं महाग आहेत, मान्य. पण २५ऐवजी १० मायक्रोलिटरच्या अभिक्रियेतही शिकता येतं. विद्यापीठांनी प्रत्येक विद्यार्थ्याला निदान एक फसलेला प्रयोग स्वतः दुरुस्त करू द्यावा आणि त्यालाच गुण द्यावेत.