शहाण्याने वकिलाची पायरी चढावी!

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या समाजाच्या हाडीमासी खिळली आहे. तिच्यात अनुभवाचे सत्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पिढ्यान् पिढ्या बांधाच्या भांडणात घरे धुऊन निघालेली ज्यांनी पाहिली, त्यांच्या तोंडून ती निघाली आहे. परंतु हीच म्हण आज ज्याच्या हाती नोकरकपातीचा कागद पडला आहे अशा कामगाराला ऐकविली जाते, तेव्हा ती शहाणपणाची न राहता मालकाच्या सोयीची होते. म्हणून तिचा थोडा विचार केला पाहिजे.

उद्यमबागेतील फाउंड्री असो, पुण्याचा कारखाना असो की हैदराबादेतील संगणक कंपनी असो, प्रसंग बहुधा एकाच साच्याचा असतो. सकाळी बोलावणे येते. टेबलावर एक रक्कम आणि एक कागद ठेवला जातो. आजच सही केलीत तर एवढे मिळेल, उद्याचे सांगता येत नाही, असे गोड शब्दांत सांगितले जाते. घरी मुलीची फी, आईचे औषध आणि सोसायटीचा हप्ता वाट पाहत असतो. माणूस सही करतो आणि 'हिशेब' घेऊन घरी येतो. आपण पैशाबरोबर काय देऊन आलो, हे त्याला पुष्कळ उशिरा कळते.

अशा प्रस्तावाचे दोन भाग असतात आणि ते वेगळे ओळखणे हीच पहिली गरज होय. एक भाग कायद्याने देणेच लागतो. दुसरा मालक आपखुषीने वर देतो. पहिला भाग ही मेहेरबानी नव्हे. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करावयाची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन, आणि प्रत्येक पूर्ण वर्षास व सहा महिन्यांवरील उरलेल्या काळास पंधरा दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे तत्त्व होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे. पाच वर्षे झाली असल्यास ग्रॅच्युइटी निराळी. भविष्यनिर्वाह निधी तर त्याचा स्वतःचाच.

समजा, एका कामगाराचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिना २६,००० रुपये आहे आणि नोकरी ११ वर्षे ८ महिन्यांची आहे. हिशेबाला १२ वर्षे धरली जातात. कपातीची भरपाई वर्षाला १३,००० प्रमाणे १,५६,००० रुपये. ग्रॅच्युइटीसाठी महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणून वर्षाला १५,००० प्रमाणे १,८०,००० रुपये. नोटिशीचे २६,००० रुपये. एकूण ३,६२,००० रुपये झाले. आता मालकाने 'सर्व मिळून साडेतीन लाख' असे म्हटले, तर ऐकणाऱ्याला तो आकडा भरघोस वाटतो. वस्तुतः हे औदार्य १२,००० रुपयांनी तोकडे आहे, आणि शिल्लक रजेचा पगार त्यात धरलेलाच नाही!

दुसरा सापळा शब्दांचा आहे. पुष्कळदा मालक कपातीचे पत्र देत नाही, कामगाराकडून राजीनामा लिहून मागतो. स्वेच्छेने सोडलेली नोकरी कायद्याच्या दृष्टीने कपात ठरत नाही, आणि भरपाईचा हक्क त्या एका ओळीत बुडतो. 'माझे आता कोणतेही मागणे उरले नाही' हे वाक्यही असेच आहे. ते लिहून दिल्यावर मागे घेणे फार कठीण जाते.

मग प्रत्येकाने वकिलाकडे धाव घ्यावी काय? आम्ही तसे म्हणणार नाही. नोकरी थोड्या महिन्यांची असेल, देणी कलमवार लिहून दिली असतील, राजीनामा मागितला नसेल आणि हक्क सोडल्याची भाषा कागदात नसेल, तर युनियनमधील जाणत्या माणसाला कागद दाखविणे पुरे होईल. परंतु नोकरी दीर्घ असेल, आकडा सर्व मिळून सांगितला असेल, राजीनामा मागितला जात असेल, किंवा आपण कायद्याने 'कामगार' ठरतो की नाही याचीच शंका असेल, तर सल्ल्यावाचून सही करणे हा अविचार होय. व्यवस्थापकीय काम करणारे आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतनाचे पर्यवेक्षक कामगारांच्या व्याख्येबाहेर आहेत. पण पदाच्या नावावरून नव्हे, प्रत्यक्ष कामावरून हे ठरते. ही पारख जाणकारानेच करावी.

सल्ला घेणे म्हणजे खटला भरणे नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. तडजोड अधिकाऱ्यापुढे तर वकिलाला उभे राहण्याची मुभाच नाही. न्यायाधिकरणापुढेही दुसऱ्या पक्षाची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी लागते. वकिलाचे मोल येथे सही होण्यापूर्वीच्या एका तासात आहे. फीची धास्ती असेल तर सांगतो की, १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याने औद्योगिक कामगाराला, आणि प्रत्येक स्त्रीलाही, मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला आहे. जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाचे दार त्यासाठीच आहे. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि तो कागद घेऊन जावे.

वकील गाठला तर मालक रागावून प्रस्ताव मागे घेईल, ही भीती खोटी नाही. पण तो मागे घेऊ शकतो ते फक्त वरचे देणे. कायद्याचे देणे त्याच्या रागावर अवलंबून नाही. वरची रक्कम खरोखर मोठी असेल, तर जाणून-बुजून हक्क सोडून ती घेण्यातही कमीपणा नाही. मात्र तो सौदा उघड्या डोळ्यांनी व्हावा.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरची. असे कागद इंग्रजीत असतात, आपल्या भागात क्वचित कन्नडातही. न समजणाऱ्या भाषेतील कागदावर मान डोलावण्याचे दुःख सीमाभागातील मराठी माणसाला नव्याने सांगावयास नको. 'वाचून सांगतो, उद्या येतो,' एवढे शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणत्याही कागदाने हिरावलेला नाही. ज्याने बारा वर्षे भट्टीपुढे घाम गाळला, त्याने एका रात्रीची सवड मागितली तर ती उद्धटपणा ठरत नाही. जो मालक तेवढी सवडही नाकारील, त्याच्या कागदावर तर सल्ल्यावाचून मुळीच सही करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.