पितृत्वाचा पुरावा आणि तंजावरचे दोन खटले

तंजावर जिल्ह्यातील पट्टुकोट्टै येथील एका महिलेच्या तक्रारीतून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये डीएनए चाचणीचा आदेश रद्द ठरवला. आपल्या अपत्याचा पिता पती नसून अन्य पुरुष आहे, असे या महिलेचे म्हणणे होते. मद्रास उच्च न्यायालयाने चाचणीस अनुकूल आदेश दिला होता. तो टिकला नाही, कारण अपत्याच्या जन्माच्या वेळी तिचा विवाह कायम होता आणि त्या काळात पतीशी संबंध येणे अशक्य होते, असे सिद्ध झालेले नव्हते. मूळ तक्रार फसवणूक व छळाची असल्याने पितृत्वाचा प्रश्न तपासात गौण ठरतो, असेही न्यायालयाने नमूद केले.

या निर्णयाच्या मुळाशी १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११२ आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ११६ म्हणून जवळजवळ जसेच्या तसे आले आहे. विवाह कायम असताना, किंवा तो संपुष्टात आल्यापासून २८० दिवसांत व आईने पुनर्विवाह केलेला नसताना जन्मलेले मूल त्या पतीचेच, असे कायदा निर्णायकपणे मानतो. हे गृहीतक मोडण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे पती-पत्नींना एकत्र येण्याची संधीच नव्हती हे दाखवणे. हा नियम सर्वधर्मीयांना लागू आहे. मुलावर अनौरसपणाचा शिक्का बसू नये, हा त्यामागील हेतू. मात्र तो रचला गेला तेव्हा रक्तावरून पिता ओळखण्याचे साधन कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

तंजावरला औरस-अनौरसाचा वाद नवा नाही. भोसले घराण्यात खड्गविवाहाची रीत होती. वराच्या जागी त्याची तलवार ठेवून लावलेल्या या लग्नातील स्त्रीचे स्थान राणीहून खालचे, पण केवळ रक्षेहून वरचे मानले जाई. १७३९ मध्ये गादीवर आलेले प्रतापसिंह हे तुकोजींना अशाच स्त्रीपासून झालेले पुत्र, आणि त्यांच्या हक्कावर बोट ठेवूनच प्रतिस्पर्ध्याने इंग्रजांची मदत मागितली. त्याआधी काटराजा नावाच्या दावेदाराने पहिल्या सरफोजींचा पुत्र म्हणून गादी मिळवली होती. तो खरोखर कोणाचा मुलगा, यावरच सारा गदारोळ झाला. पुढे दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. दगडात वंश कोरता येतो, पण त्यावरचे वाद मिटतातच असे नाही.

ते १८५५ मध्ये अखेरचे राजे शिवाजी पुत्राविना निवर्तल्यावर पुन्हा उफाळले. खासगी मालमत्तेचे प्रकरण दीर्घकाळ चालले आणि कोल्हापूरचे महाराजही त्यात पक्षकार झाले. १९२४ च्या सुमारास मद्रास उच्च न्यायालयासमोर खड्गविवाहाचा दर्जा आणि तंजावरचे भोसले क्षत्रिय की शूद्र, असे प्रश्न आले. न्यायालयाने त्यांना शूद्र ठरवले. आज खटकणाऱ्या या प्रश्नाला तेव्हा आर्थिक अर्थ होता. तत्कालीन हिंदू कायद्यानुसार शूद्राच्या दासीपुत्राला पित्याच्या मिळकतीत वाटा मिळू शकत असे. वरच्या तीन वर्णांत त्याला केवळ पोटगी होती.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हा भेद काढला, पण त्याबरोबर दासीपुत्राचा वाटाही गेला. विवाहच न झालेल्या स्त्री-पुरुषांचे अपत्य या कायद्यात आईचे वारस आहे, पित्याचे नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ चे संरक्षण फक्त अवैध किंवा रद्दबातल विवाहातून झालेल्या मुलांना आहे. पित्याच्या वडिलोपार्जित हिश्श्यातही त्यांना वाटा आहे, असे सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

म्हणूनच दीर्घ सहवासाला मोल येते. केवळ एकत्र राहिल्याने विवाह झाला, असे भारतीय कायदा म्हणत नाही. मात्र पती-पत्नी म्हणून वर्षानुवर्षे राहिलेल्यांचा विवाह झाला असावा, असे न्यायालये मानतात. १९७८ मध्ये सुमारे ५० वर्षांच्या सहवासाबाबत सर्वोच्च न्यायालयाने हेच मानले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने विवाहसदृश नात्यालाही संरक्षण दिले. पोटगीसाठी तर मूल औरस आहे की नाही, हे पाहिलेच जात नाही.

यातून एक विसंगती दिसते. अविवाहित मातेच्या मुलासमोर कलम ११६ ची भिंत नसते. न्यायालयाला खरी गरज पटल्यास डीएनए चाचणी होऊ शकते. विवाहित मातेच्या मुलासमोर मात्र ती भिंत उभी आहे, पती घर सोडून गेला तरीही. उलट महाराष्ट्रातील एका पोटगी प्रकरणात चाचणीचा अहवाल आधीच हाती असल्याने २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहीतकापेक्षा विज्ञानाला झुकते माप दिले, आणि त्यात मुलीची पोटगी गेली. चाचणी आधी झाली की नाही, यावर मुलाचे भवितव्य ठरणे समाधानकारक म्हणता येणार नाही.

पट्टुकोट्टैच्या प्रकरणात न्यायालयाने खासगीपणाच्या हक्काचाही आधार घेतला. हा आधार योग्यच आहे. फौजदारी तपासाच्या ओघात कोणाचे रक्त सक्तीने काढले जाऊ नये. पण चाचणीची मागणी आईची होती. रोहित शेखर यांनी नारायण दत्त तिवारी यांच्याविरुद्धचा दावा स्वतः, सज्ञान झाल्यावर लढवला आणि २०१२ मध्ये चाचणीतून पितृत्व सिद्ध झाले. स्वतःचा पिता जाणू इच्छिणाऱ्या सज्ञान अपत्याला दिवाणी न्यायालयाचा मार्ग आजही खुला आहे. तेथेही आईचा विवाह कायम असेल, तर पहिला प्रश्न आई आणि तिचा पती त्या काळात कोठे राहत होते, हाच विचारला जाईल.