‘एकटी कशाला येतेस?’

शुक्रवारी पुण्याहून देवळाली प्रवराला घरी यायला निघाले की हा प्रश्न ठरलेला. ऑफिस सुटल्यावर निघून नगरमार्गे राहुरी फॅक्टरीला उतरेपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजतात. स्टॉपवर पप्पा बाइक घेऊन उभे असतात आणि फोनवर आत्याच्या सूचना चालू. अंधार पडायच्या आत येत जा, अनोळखी माणसाशी बोलू नको, पर्समध्ये स्प्रे ठेव. सगळं प्रेमापोटी, मान्य. पण आता खरंच डोकं फिरतं.

कारण स्वारगेट. २५ फेब्रुवारी २०२५. पहाटे पावणेसहाच्या सुमारास २६ वर्षांची मुलगी फलटणच्या बसची वाट बघत होती. कुठल्या आडरानात नाही, पुण्यातल्या सगळ्यात गजबजलेल्या स्टँडवर, पोलीस ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर. पोलिसांच्या माहितीनुसार त्या माणसाने तिला ‘ताई’ म्हटलं आणि बस दुसरीकडे लागलीय असं सांगितलं. बस इथेच लागते, असं ती म्हणालीसुद्धा. पण तो तिला आवारात उभ्या असलेल्या अंधाऱ्या शिवशाहीपाशी घेऊन गेला आणि आत तिच्यावर बलात्कार झाला. यावर आपले गृहराज्यमंत्री काय बोलले? तिने प्रतिकार केला नाही म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी!

आमच्या धंद्यात सिस्टिम पडली की आळशी टीम म्हणते, ‘युजरची चूक.’ हे त्यातलंच.

जरा नीट बघा. त्याचं पहिलं हत्यार काय होतं? माहिती. बस कुठे लागलीय, ही साधी माहिती. जिथे ती ठळक पाटीवरून आणि वेळच्या वेळी घोषणेतून मिळते, तिथे कुठल्याही दादा-भाऊला विचारावं लागत नाही. उभ्या बसला कुलूप असेल, आवारात दिवे असतील, रखवालदार फेरी मारत असेल, तर त्याचं पुढचं पाऊलच पडत नाही. यातलं काय मी पर्समध्ये घालून फिरू?

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. छान झालं. पण तिकीट अर्धं म्हणून सुरक्षितताही अर्धीच का?

तुम्ही म्हणाल, मग काळजी घ्यायचीच नाही का? घेतेच की. बसचा नंबर पप्पांना पाठवते, ११२ लक्षात आहे. पण ती माझी बाजू झाली. दुसरी बाजू कोण सांभाळणार?

तेव्हा आत्या, पुढच्या वेळी मला सूचना देण्याआधी तुमच्या स्टँडवर जा. बंद दिवे मोजा. तक्रारवही मागा आणि त्यात लिहा. बाकी मी येणारच आहे शुक्रवारी. एकटीच.